कपाटातला हिरवा चारा : मातीशिवाय मका उगवायचा कसा, आणि परवडतो किती?

मोहाडी : धान कापून, चुरून झालं की आपल्या तालुक्यात तणसाची कमी नसते. कमी पडते ती हिरव्याची. लाखोळी निघून जाते, होळीनंतर धुऱ्यावरचं गवत वाळतं आणि पहिला पाऊस पडेपर्यंत गाय-म्हशीसमोर तेच पिवळं तणस असतं. दूध कमी होतं, ढेपीचा खर्च वाढतो. नेमक्या याच दिवसांत मोबाईलवर व्हिडिओ फिरू लागतात : 'एक किलो मक्यापासून दहा किलो चारा. शेत नको, माती नको, घरातल्या कपाटातही होतो!'

यातलं खरं किती? चारा खरंच होतो, कपाटातही होतो आणि जनावर आवडीने खातं. पण 'एकाचे दहा' यात बराचसा भाग पाण्याचा असतो. म्हणून हा चारा कोणाच्या कामाचा आहे आणि कोणाच्या नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. करण्याची पद्धत, लागणारं सामान, बुरशीची काळजी आणि पैशाचा हिशोब या लेखात एका जागी दिला आहे. जपून ठेवा, घरच्यांना वाचून दाखवा.

थोडक्यात

- आठ ट्रेच्या एका कपाटातून रोज सुमारे ७ किलो हिरवा मका मिळतो. एक दुभती गाय किंवा पाच-सहा शेळ्यांना पूरक चारा म्हणून तो पुरतो.
- रोज सव्वा किलो मका लागतो. एकूण खर्चात सर्वात मोठा भाग याच मक्याचा.
- हा चारा तणसाची जागा घेत नाही. तणसासोबत द्यायचा असतो.
- शेत आणि पाणी असेल तर दोन गुंठे नेपियर गवत यापेक्षा स्वस्त पडतं.
- बुरशी लागलेला चारा जनावराला घालायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

हायड्रोपोनिक म्हणजे काय?

मातीशिवाय, फक्त पाण्यावर रोप वाढवण्याच्या पद्धतीला हायड्रोपोनिक म्हणतात. रोपाला माती लागते ती उभं राहायला आणि तिच्यातलं अन्न-पाणी घ्यायला. पाण्यातून अन्न मिळालं तर मातीची अडचण राहत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम गेरिक यांनी १९३० च्या दशकात अशा पद्धतीने टोमॅटोची उंच झाडं वाढवून दाखवली आणि हा शब्द रूढ झाला. भारतातही हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बंगालमध्ये, कलिम्पाँगच्या भागात, शोल्टो डग्लस यांनी साध्या साहित्यावर याचे प्रयोग केले होते.

चाऱ्याचं काम त्याहून सोपं आहे. मक्याच्या दाण्यात अंकुराला सात-आठ दिवस पुरेल एवढी शिदोरी आधीच असते. त्यामुळे खत नको, औषध नको. फक्त स्वच्छ पाणी, हवा आणि बेताचं तापमान पाहिजे. घरी मटकीला मोड आणतो तेच काम आठ दिवस पुढे न्यायचं, एवढंच.

कपाटात भाजी का नाही?

शहरात फ्लॅटमधल्या कपाटात जांभळ्या दिव्याखाली लेट्यूस, पालक लावल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते होतं, पण पालेभाजीला दाण्यातली शिदोरी पुरत नाही. तिला रोज १२ ते १४ तास प्रकाश आणि पाण्यात विरघळणारी खतं लागतात. ४० वॅटचा दिवा १४ तास लावला तर रोज अर्ध्या युनिटपेक्षा जास्त, म्हणजे महिन्याला सुमारे १७ युनिट वीज जाते. घरामागे वाडी असताना दहा-बारा जुड्या पालकासाठी हा खर्च कोणी करणार नाही.

मक्याच्या चाऱ्याला दिवा लागत नाही. शेवटचे दोन-तीन दिवस खिडकीतून येणारा उजेड मिळाला तरी पानं हिरवी होतात. म्हणून गावातल्या घरात कपाटाचा खरा उपयोग चाऱ्यासाठी आहे.

गोवा आणि साताऱ्याचा अनुभव

आपल्या बाजूला याचा मोठा प्रयोग गोव्यात झाला. तिथे चराईला जमीन कमी, म्हणून राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून हायड्रोपोनिक चाऱ्याची ११ युनिट उभी राहिली. जुने गोवे इथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१० नंतरच्या वर्षांत त्यावर अभ्यास केला. त्यातून आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

- १ किलो मक्यापासून सात दिवसांत साधारण ५ ते ६ किलो ओला चारा मिळतो. दहा किलो नाही.
- १ किलो चाऱ्याला दीड ते तीन लिटर पाणी पुरतं. शेतातल्या चाऱ्याच्या मानाने हे फार कमी आहे.
- गाईला रोज ५ ते १० किलो हा चारा दिल्यावर दुधात ८ ते १३ टक्के वाढ दिसली.
- खर्चाचा सुमारे ९० टक्के भाग फक्त बियाण्याचा होता.

त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी महागड्या यंत्राऐवजी बांबू, लाकूड आणि शेडनेट वापरून हाच चारा केला. मका घरचा होता, त्यामुळे त्यांना तो तेव्हा किलोमागे २ ते साडेतीन रुपयांत पडला. यंत्राने पैसा वाचला नाही, घरच्या मक्याने आणि साध्या मांडणीने वाचला. मोहाडीत करायचं असेल तर साताऱ्याचाच रस्ता धरावा.

वजन वाढतं, पण नेमकं काय वाढतं?

इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून नीट बघू.

सव्वा किलो कोरडा मका घेतला. त्यात पाणी अगदी कमी, सुका भाग जवळपास १ किलो १०० ग्रॅम. आठ दिवसांनी ट्रेमध्ये ७ किलो चारा दिसतो. पण या चाऱ्यात सुका भाग साधारण १३ टक्केच असतो. म्हणजे ७ किलोत सुका भाग सुमारे ९०० ग्रॅम. बाकी सगळं पाणी.

म्हणजे वजन साडेपाच पट झालं, तरी पोट भरणारा सुका भाग उलट थोडा घटला. कारण अंकुर वाढताना दाण्यातला स्टार्च खर्च करतो.

मग फायदा काय? दाण्यातलं अन्न पचायला सोपं होतं. प्रथिनांचा टक्का वाढतो. मुख्य कारण स्टार्च कमी होतो हेच, पण घासाचा कस सुधारतो. हिरव्या पानातून कॅरोटीन मिळतं, जे जनावराच्या शरीरात अ जीवनसत्त्व बनतं. वाळलेल्या तणसात ते नावापुरतंही नसतं. रसाळ चाऱ्यामुळे जनावर तणसही आवडीने खातं.

साडेतीनशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण १० किलो सुका भाग लागतो. आपल्या कपाटातून मिळतो ९०० ग्रॅम. म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. हे कपाट म्हणजे ताटातली कोशिंबीर आहे, भाकर नाही.

जागा कशी निवडायची?

मक्याच्या अंकुराला २० ते २७ अंश तापमान मानवतं. तिशीच्या वर बुरशीचा जोर वाढतो, आणि पस्तिशीच्या वर अंकुरच दमतात. म्हणून मोहाडीच्या उन्हाळ्यात सगळ्यात महत्त्वाचं काम थंड जागा शोधण्याचं.

- मातीच्या जाड भिंतीची, कवेलूची खोली सर्वात चांगली. दुपारीही ती थंड राहते.
- टिनाखालची खोली मार्चनंतर चालत नाही.
- भिंतीतलं कपाट वापरणार असाल तर आतून जाड प्लास्टिक लावा, नाहीतर भिंत ओल धरेल. लाकडी कपाट कुजतं आणि पत्र्याच्या कपाटाला गंज चढतो, म्हणून तिथेही प्लास्टिक लागेलच.
- दार काढून ठेवा. बंद कपाटात हवा कोंडते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येते. दाराच्या जागी ओलं पोतं किंवा शेडनेट टांगा.
- धान्याची कोठी, ढेपीची पोती आणि खताच्या थैल्या त्या खोलीत नकोत. ओलीमुळे त्या खराब होतात.
- पाणी बाहेर जायला वाट हवी.

कपाट नसेल तर बांबूची चार मजली मांडणी करा. गोठ्याजवळ सावलीत, तीन बाजूंनी शेडनेट लावून ती उभी करता येते. काम तेच.

सामान

१. प्लास्टिकचे ट्रे, २ फूट बाय दीड फूट, ८ नग. तळाला एका बाजूने बारीक छिद्रं पाडलेले. सात ट्रे कायम कामात राहतात, आठवा धुऊन उन्हात वाळत राहतो.

२. चार फळ्यांची मांडणी. साडेचार फूट रुंद, पावणेदोन फूट खोल, सहा फूट उंच. एका फळीवर दोन ट्रे. दोन फळ्यांत सव्वा फूट अंतर. भरलेल्या दोन ट्रेचं वजन पंधरा किलोवर जातं, म्हणून फळी मजबूत हवी. फळी पुढच्या बाजूला बोटभर उतरती ठेवा.

३. हातपंप किंवा पाठीवरचा फवारा. औषध फवारलेला पंप चुकूनही वापरू नका. धुतला तरी नाही. या कामाला वेगळा घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'चारा' लिहून ठेवा.

४. तागाची दोन स्वच्छ पोती, दोन बादल्या, एक वजनकाटा.

५. घरगुती जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइट, ४ टक्क्यांचं.

कपाट लहान असेल तर एका फळीवर एकच ट्रे ठेवा. चार ट्रेमध्ये दर दोन दिवसांनी एक ट्रे निघतो. शेळ्यांना तेवढंही चालतं.

विजेवरचा पंप आणि फॉगर लावणार असाल तर जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. ओली जमीन आणि उघडी वायर एकत्र आली की जीव जातो.

मका कोणता घ्यायचा?

पेरणीसाठी पाकिटात मिळणारं लाल, हिरवं रंगवलेलं बियाणं घ्यायचं नाही. त्याला कीडनाशक आणि बुरशीनाशक लावलेलं असतं. ते जनावराच्या पोटात जाता कामा नये. घरचा किंवा बाजारातला, औषध न लावलेला, यंदाचा, न फुटलेला मका घ्या. पोतं घेण्याआधी मूठभर नमुना आणून १०० दाणे ओल्या कपड्यात बांधून ठेवा. चार दिवसांत ८५ पेक्षा कमी उगवले तर ते पोतं घेऊ नका. न उगवलेला दाणा ट्रेमध्ये सडतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

गहू आणि सातू याच पद्धतीने चालतात. ज्वारी मात्र लावू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी घटक तयार होतो आणि जनावर दगावू शकतं.

दिवसानुसार काम

पहिला दिवस, सकाळी : सव्वा किलो मका पाण्यात टाका. वर तरंगणारे दाणे आणि कचरा काढून फेका. मग एक लिटर पाण्यात २५ मिली या प्रमाणात हायपोक्लोराइटचं पाणी करून दाणे अर्धा तास त्यात ठेवा. नंतर साध्या पाण्याने तीनदा खळखळून धुवा. आता दाणे स्वच्छ पाण्यात भिजत घाला. उन्हाळ्यात १२ ते १६ तास, थंडीत कोमट पाण्यात २४ तासांपर्यंत.

दुसरा दिवस : पाणी ओतून टाका. दाणे ओल्या पोत्यात सैल बांधून सावलीत ठेवा. दिवसातून तीन-चारदा पोत्यावर पाणी शिंपडा. पोतं हाताला गरम लागलं तर उघडून दाणे हलवा.

तिसरा दिवस : पांढरे मोड दिसतील. ट्रेमध्ये दाणे सारखे पसरा. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. जास्त चारा मिळेल म्हणून जास्त दाणे टाकण्याचा मोह होतो, पण दाट थरात मधला भाग तापतो आणि सडतो. ट्रे सर्वात वरच्या फळीवर ठेवा.

चौथा ते सहावा दिवस : दिवसा दर दोन तासांनी हलका फवारा मारा. रात्री झोपताना एक आणि पहाटे उठल्यावर एक. दाणे ओले राहिले पाहिजेत, पाण्यात बुडायला नको. मुळं एकमेकांत गुंततात आणि चटई तयार होते. ती उचलून हलवू नका.

सातवा ते नववा दिवस : ट्रे उजेडाच्या बाजूला, खालच्या फळीवर आणा. पानं हिरवी होतात, उंची ८ ते १० इंच होते. ट्रेमध्ये सात दिवस पूर्ण झाले की चारा तयार.

रोज एक ट्रे भरला तर नवव्या दिवसापासून रोज एक ट्रे निघतो. ट्रेवर खडूने तारीख लिहा, म्हणजे गोंधळ होणार नाही. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, दोन दिवस जास्त लागतात. तेव्हा दोन ट्रे वाढवा किंवा रोज थोडा कमी चारा धरा. तयार चारा अजून वाढू दे म्हणून ठेवू नका. दहाव्या दिवसानंतर तंतू वाढतो, कस घटतो आणि बुरशीची भीतीही वाढते.

ट्रेखाली साचलेलं पाणी पुन्हा फवारू नका. त्यातून एका ट्रेची बुरशी आठही ट्रेंत जाते. ते पाणी वांगी-मिरचीच्या झाडांना घाला.

बुरशी : खरी परीक्षा इथे

ज्यांनी हा चारा सुरू करून सोडला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना बुरशीनेच हरवलं असतं. आधी ओळखायला शिका.

मुळांवर पांढरी, कापसासारखी बारीक लव दिसली तर घाबरू नका. ती मुळांची केसमुळं असतात. पाणी मारलं की ती चिकटतात आणि दिसेनाशी होतात. बुरशी मात्र दाण्यांवर जाळ्यासारखी पसरते, करडी, हिरवट किंवा काळी होते, पाणी मारूनही राहते आणि तिला कुबट वास येतो. ट्रेला आंबट किंवा दारूसारखा वास आला तरी समजा की आत सडत आहे.

बुरशी दिसली की तो पूर्ण ट्रे उकिरड्यात टाका. वरचा भाग कापून खालचा घालू, धुऊन घालू, असं करू नका. मक्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते धुऊन जात नाही, जनावराच्या यकृताला इजा करतं आणि दुधातही उतरतं. ते दूध आपलीच लेकरं पितात. गाभण जनावराच्या बाबतीत तर अजिबात धोका घ्यायचा नाही.

रिकामा ट्रे ब्रशने घासा, हायपोक्लोराइटच्या पाण्याने धुवा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवा. ऊन हे आपलं फुकटचं औषध आहे.

लागोपाठ दोन ट्रे खराब झाले तर काम थांबवा. मे महिन्याच्या उन्हात अनेकांचं असं होईल. त्यात कमीपणा नाही. फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य हा आपल्याकडे सर्वात सोयीचा काळ. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी वाढते, आणि तेव्हा बांधीच्या धुऱ्यावर गवत फुकट मिळतं. मग कपाट रिकामं ठेवलेलं बरं.

जनावराला कसं घालायचं?

- मुळं, उरलेले दाणे आणि पानं सगळं घालायचं. चटई हाताने तोडून मोकळी करा.
- पहिल्या दिवशी एक किलो. आठ-दहा दिवसांत वाढवत ७ किलोपर्यंत न्या. एकदम जास्त घातलं तर हगवण लागते.
- तणसाची कुट्टी करून त्यात मिसळा. नुसता हा चारा घालून तणस बंद करू नका. रवंथाला तंतू लागतोच.
- ढेप-दाणा एकदम बंद करू नका. दूध बघत बघत दिवसाला अर्धा ते एक किलोपर्यंत कमी करून पाहा.
- खनिज मिश्रण चालू ठेवा. तणसात ऑक्झलेट जास्त असतं, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. हिरवा मका ती उणीव भरत नाही.
- शेळीला रोज एक किलोच्या आसपास पुरे.

जनावर सुस्त झालं, पोट फुगलं किंवा चारा सोडला तर हा चारा लगेच बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

पैशाचा हिशोब

२०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये आहे, म्हणजे किलोला २४ रुपये. तुमच्या बाजारात वेगळा भाव असेल तर तो धरा.

रोज सव्वा किलो मका : ३० रुपये. म्हणजे नुसत्या मक्याचाच खर्च चाऱ्याच्या किलोला सव्वाचार रुपये. पाणी, जंतुनाशक, ट्रेची झीज आणि तुमची मेहनत वेगळी.

आता दूध. गाय ६ लिटर देते असं धरा. ८ ते १३ टक्के वाढ म्हणजे अर्धा ते पाऊण लिटर. लिटरला ३२ रुपये भाव धरला तर रोज १५ ते २५ रुपये जास्त मिळतील.

म्हणजे ३० घातले आणि १५ ते २५ आले. नुसत्या वाढलेल्या दुधावर हिशोब बसत नाही. तो बसतो दोन गोष्टींनी. एक, या चाऱ्यामुळे ढेप-दाणा अर्धा-एक किलो वाचला तर. दोन, मका घरचा असेल तर. दोन्ही नसेल तर कपाट तोट्यात जाईल. व्हिडिओत ही गोष्ट कोणी सांगत नाही.

स्वतःचा हिशोब काढायला वही घ्या. पहिले सात दिवस नेहमीचाच चारा घाला आणि सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून लिहा. पुढचे दहा दिवस नव्या चाऱ्याची सवय लावण्यात जातील. त्यानंतरचे सात दिवस पुन्हा दूध, मका आणि ढेप मोजून लिहा. दोन आठवड्यांची तुलना करा. वहीत फायदा दिसला तर पुढे चला.

कोणी करावं, कोणी करू नये?

करावं : ज्यांच्याकडे शेत नाही पण एक-दोन दुभती जनावरं किंवा शेळ्या आहेत. ज्यांच्या विहिरीला फेब्रुवारीनंतर चाऱ्यापुरतं पाणी राहत नाही. ज्यांच्या घरी मका पिकतो. आणि ज्यांच्या घरात दिवसभर कोणीतरी असतं, कारण दर दोन तासांचा फवारा चुकवून चालत नाही. हे काम बहुतेक घरांत बायाच करतील, तेव्हा सुरू करायचं की नाही हे त्यांनाच आधी विचारा.

करू नये : ज्यांच्याकडे दोन गुंठे ओलिताची जागा आहे. संकरित नेपियर एका गुंठ्यातून वर्षाला एक ते दीड टन सहज देतं. दोन गुंठ्यांतून दिवसाला सरासरी साडेपाच ते आठ किलो चारा येतो, म्हणजे कपाटाएवढाच, आणि त्यात सुका भाग जास्त असतो. ठोंब एकदा लावले की काही वर्षं कापणी चालते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले जयवंत' हा असाच एक वाण.

तणसाचा कस वाढवणं हा आणखी एक स्वस्त मार्ग आहे. १०० किलो तणसावर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडतात, दाबून प्लास्टिकने हवाबंद झाकतात आणि २१ दिवसांनी उघडून, वास उडू देऊन घालतात. प्रमाण चुकलं तर युरिया विष ठरतो. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे तणस देत नाहीत. म्हणून पहिल्यांदा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांसमोरच करा.

यंत्र विकायला कोणी आलं तर

तयार यंत्राची किंमत लाखांत जाते. सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा :

१. १ किलो मक्यापासून किती चारा, आणि त्यात सुका भाग किती टक्के?
२. महिन्याला वीज किती युनिट?
३. भारनियमनात, मे महिन्यात आतलं तापमान किती राहतं?
४. बिघाड झाला तर माणूस किती दिवसांत येतो?
५. ज्याने दोन उन्हाळे वापरलं, असा जवळचा शेतकरी दाखवता का?

पहिल्याच प्रश्नावर विषय बदलला तर चहा पाजून वाटे लावा.

नेहमीचे प्रश्न

नळाचं पाणी चालतं का? चालतं. क्लोरीनचा वास तीव्र असेल तर रात्रभर बादलीत उघडं ठेवा. बोअरचं पाणी फार खारट असेल तर उगवण कमी होते.

पाण्यात युरिया टाकला तर चारा वाढेल का? नाही. आठ दिवसांच्या अंकुराला खताची गरज नाही, आणि हा चारा मुळासकट खाल्ला जातो. युरिया थेट पोटात जाईल.

कोंबड्यांना चालतो का? थोडा, बारीक करून चालतो. पण तो त्यांच्या खाद्याची जागा घेत नाही.

माहिती कुठे मिळेल? साकोलीचं कृषी विज्ञान केंद्र, मोहाडीचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१.

सुरुवातीला आठ ट्रे विकत घेऊ नका. घरातली एक पसरट घमेली किंवा जुना ट्रे घ्या, पाव किलो मका भिजवा आणि आठ दिवस बघा. बुरशी न येता चारा निघाला, शेळीने तो खाल्ला आणि दर दोन तासांचा फवारा तुमच्या घरात जमला, तर मग कपाट रिकामं करा. नाही जमलं तर नुकसान पाव किलो मक्याचं, म्हणजे सहा रुपयांचं.